फुले येतात पण फळ धरत नाही, पालवी फुटते पण मूळ धरत नाही

बागकाम करणाऱ्यांच्या तक्रारी वर्षानुवर्षे त्याच असतात. वेल फुलांनी भरते, पण फळ बोटाएवढे होऊन पिवळे पडते आणि गळते. गोड फळाची बी जपून पेरावी, तर तिच्यातून आलेले झाड काही वर्षांनी भलतेच फळ देते. गुलाबाच्या काडीला पालवी फुटते, आपण निश्चिंत होतो आणि तिसऱ्या आठवड्यात ती काडी मान टाकते. या तिन्ही तक्रारींवर बहुतेक वेळा एकच उपाय सांगितला जातो, तो म्हणजे खत बदला किंवा पाणी वाढवा. आणि पुढच्या हंगामात तीच तक्रार पुन्हा दारात उभी राहते. ती परत येते, कारण दोष बहुधा पोषणात नसतो. तो पुनरुत्पादनाच्या साखळीतल्या एका ठरावीक कडीत असतो आणि ती कडी कोणती, हे कोणी पाहिलेले नसते.

वनस्पती आपल्यासारखी दुसरी वनस्पती दोन मार्गांनी निर्माण करते. लैंगिक मार्गात परागकण कुक्षीवर, म्हणजे फुलाच्या मादी भागाच्या टोकावर, पडतो, त्यातून निघालेली नलिका बीजांडापर्यंत (ज्याचे पुढे बी होते) पोहोचते, फलन (नर आणि मादी पेशींचे मीलन) होते, बी तयार होते आणि त्या बीमध्ये दोन्ही पालकांच्या गुणांची नवी जुळणी असते. अलैंगिक मार्गात खोड, पान, मूळ किंवा कंद यांच्या तुकड्यातून थेट नवे रोप उभे राहते आणि ते मूळ झाडाची हुबेहूब प्रत असते. म्हणून अडचण आली की पहिला प्रश्न असा विचारावा: या झाडाकडून मी नेमके काय मागतो आहे आणि ते कोणत्या मार्गाने मिळते? फळ हवे असेल तर (काही अपवाद वगळता) लैंगिक मार्ग पुरा व्हावा लागतो. आईसारखेच झाड हवे असेल तर अलैंगिक मार्गच धरावा लागतो. एका मार्गाचा उपाय दुसऱ्या मार्गाच्या दुखण्यावर केला, तर गुण येत नाही.

व्हॅनिलाच्या वेलीचा इतिहास या गोंधळाचे उत्तम उदाहरण आहे. मेक्सिकोतून आणलेली ही वेल हिंदी महासागरातील बुर्बाँ बेटावर, म्हणजे आजच्या रियुनियनवर, तुकड्यांपासून सहज वाढवता येत होती. ती फुलतही होती, पण तिला शेंगा मात्र धरत नव्हत्या. अलैंगिक मार्ग सुरळीत चालला होता; लैंगिक मार्ग मात्र एका नाजूक पडद्यापाशी अडला होता, कारण या फुलात परागकोश (परागाची पिशवी) आणि कुक्षी यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो आणि तो ओलांडून पराग नेणारा मूळ प्रदेशातला कीटक त्या बेटावर नव्हता. १८४१ मध्ये एडमंड अल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडीने तो पडदा उचलून अंगठ्याने पराग कुक्षीवर दाबण्याची युक्ती शोधली. ती युक्ती आजही व्हॅनिलाच्या लागवडीत वापरली जाते. मातीत, पाण्यात किंवा खतात त्याने काहीही बदलले नव्हते.

फळ लहान असतानाच गळते

ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार आहे, म्हणून तिच्यावर थोडे रेंगाळतो. भोपळा, काकडी, दोडका, दुधी, कारले या वेलवर्गीय वनस्पतींमध्ये बहुधा एकाच वेलीवर नर आणि मादी अशी वेगवेगळी फुले येतात. नर फूल लांब, सडपातळ देठावर असते आणि त्याच्या मध्यभागी परागाने माखलेला दांडा असतो. मादी फुलाच्या पाकळ्यांखाली पहिल्या दिवसापासूनच इवलेसे फळ दिसते. हे इवलेसे फळ म्हणजे फळधारणा झाल्याची खूण नव्हे. तो केवळ अंडाशय, म्हणजे बीजांडे असलेला फुलाचा भाग, असतो. परागीभवन झाले नाही तर तो काही दिवसांत टोकाकडून पिवळा पडतो, सुरकुततो आणि गळून जातो. ‘फळ धरले होते, पण गळले’ असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा बऱ्याचदा मुळात फळ धरलेलेच नसते.

वेल नवी असताना पहिले काही दिवस नुसती नर फुलेच येतात, हेही लक्षात ठेवावे. त्या काळात सगळी फुले गळतात, तो दोष नव्हे. मादी फुले नंतर येतात, आणि दिवस फार मोठे व उष्ण असतील किंवा नत्रयुक्त खत जास्त झाले असेल तर ती कमी येतात. नत्राच्या अतिरेकाने वेल पानांवर जोर देते. येथे मात्र खताचा संबंध खरा आहे, पण तो बहुतेक लोक समजतात त्याच्या उलट दिशेचा आहे.

आता चाचणी. एकाच वेलीवर शक्यतो दहा मादी फुले निवडावीत. त्यांतील पाच तशीच सोडावीत आणि उरलेल्या पाचांवर हाताने परागीभवन करावे. त्यासाठी आदल्या दिवशीच उमलण्याच्या बेतात असलेली मादी आणि नर कळी ओळखून दोन्हींची टोके दोऱ्याने सैल बांधावीत, म्हणजे कीटक आधी पोहोचणार नाहीत. फूल उमलण्याच्या वेळी नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढाव्यात आणि मधला दांडा मादी फुलाच्या कुक्षीच्या प्रत्येक पाळीवर हलकेच फिरवावा. कुक्षी थोडी चिकट असते. पराग लागला की तिच्यावर पिवळी पूड स्पष्ट दिसते. मग मादी फूल पुन्हा बांधून ठेवावे. ही पाच फळे वाढली आणि सोडून दिलेली पाच गळली, तर परागवाहक कीटक येत नाहीत, हे निदान पक्के झाले. हाताने परागीभवन केलेलीही गळली, तर दोष परागात, तापमानात किंवा वेलीच्या ताकदीत आहे. दोन्ही गटांतील सारखीच वाढली, तर आधीची गळ ही केवळ नर फुलांची होती. कीटक नसतील तर फुलोऱ्याच्या काळात कीटकनाशकाची फवारणी थांबवणे आणि शेजारी सतत फुलणारी झाडे ठेवणे, हा टिकाऊ उपाय होय. हाताने परागीभवन हा हंगाम निभावून नेण्याचा उपाय.

या चाचणीत एक चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की ती वेगळी सांगायला हवी. भोपळ्याचे फूल पहाटे उमलते आणि दुपार होण्याआधी मिटते, म्हणून ‘परागीभवन सकाळी करावे’ असा सरसकट नियम सांगितला जातो. परंतु दुधीची पांढरी आणि दोडक्याची पिवळी फुले संध्याकाळी उमलतात. सकाळी उन्हे वर आल्यावर दुधीच्या वेलीपाशी जाणारा माणूस आदल्या संध्याकाळी उमललेल्या, मरगळलेल्या फुलावर शिळा पराग फिरवत असतो, आणि मग ‘हाताने करूनही उपयोग झाला नाही’ असा चुकीचा निष्कर्ष काढतो. परागकणाचे आयुष्य थोडे असते. फूल उमलण्याची वेळ त्या जातीच्या फुलापाशी उभे राहून स्वतः पाहावी.

फळ वाढले, पण एका बाजूने बसके किंवा वाकडे राहिले, तर परागीभवन झाले आहे पण अपुरे झाले आहे असे समजावे. प्रत्येक बीजांडाला स्वतंत्र परागकण लागतो. परागनलिकेतून दोन पुंयुग्मके (नर पेशी) येतात; एक अंडपेशीशी मिळून भ्रूण बनवते आणि दुसरे मध्यवर्ती पेशीशी मिळून भ्रूणाचे अन्न, म्हणजे भ्रूणपोष, बनवते. हे दुहेरी फलन वनस्पतिशास्त्रज्ञ सर्गेई नवाशिन यांनी १८९८ मध्ये दाखवून दिले. वाढू लागलेले बी संप्रेरके (वाढीचे संदेश देणारी द्रव्ये) सोडते आणि त्यांच्या सांगण्यावरून भोवतीचा गर फुगतो. जेथे बी नाही तेथे गर फुगत नाही. स्ट्रॉबेरीवर १९५० मध्ये संशोधक निच यांनी केलेला प्रयोग फार बोलका आहे: फळावरच्या बियांसारख्या दिसणाऱ्या बारीक दाण्यांपैकी काही दाणे काढून टाकले की तेवढ्या भागाची वाढ थांबते, आणि त्याच जागी ऑक्झिन हे संप्रेरक लावले की वाढ पुन्हा सुरू होते. मक्याचे कणीसही हेच सांगते. कणसाचा प्रत्येक रेशमी धागा एका दाण्याचा असतो. ज्या धाग्याला पराग मिळाला नाही, तेथे कणसात रिकामी जागा दिसते. म्हणून मका एकाच लांब ओळीत न लावता चौकोनी तुकड्यात लावावा, कारण त्याचा पराग वाऱ्याने जातो आणि एका ओळीतला बराचसा पराग वाया जातो.

टोमॅटो आणि वांगे यांची गोष्ट निराळी आहे. त्यांच्या एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात, त्यामुळे ‘जोडीदार नाही’ हे कारण येथे लागू पडत नाही. त्यांचा पराग मात्र नळीसारख्या परागकोशात कोंडलेला असतो आणि फूल थरथरल्याशिवाय बाहेर सांडत नाही. काही मधमाश्या आणि भुंगे फुलाला लटकून पंखांचे स्नायू अशा वेगाने थरथरवतात की पराग झरझर बाहेर येतो. बंद खोलीत किंवा जाळीखाली, जेथे वाराही नाही आणि माशीही नाही, तेथे फूल देठाच्या गाठीपासून सुटून खाली पडते. उन्हे चढल्यावर, हवा कोरडी असताना, फुलांचा घोस बोटाने हलकेच टिचकावणे किंवा विजेवर चालणाऱ्या दातांच्या ब्रशची पाठ देठाला लावणे पुरते. मात्र उष्णतेने परागच निकामी झाला असेल तर टिचकावून काही होत नाही. दिवसा सुमारे ३५ अंश सेल्सिअसच्या वर किंवा रात्री १३ अंशांच्या खाली तापमान गेले की टोमॅटोची फळधारणा खालावते. त्यातही फसवी गोष्ट अशी की पराग घडत असताना, म्हणजे फूल उमलण्याच्या सुमारे आठवडाभर आधी, उष्णतेचा फटका सर्वांत जास्त बसतो. आज हवा थंड असूनही फुले गळत असतील, तर गेल्या आठवड्यातले तापमान आठवावे. अशा वेळी सावलीची जाळी लावून नव्या कळ्यांची वाट पाहणे, एवढेच हातात असते.

कलमांची बाग फुलते, पण फळत नाही

हा प्रश्न मला सर्वांत रंजक वाटतो, कारण येथे दोन्ही मार्ग एकमेकांत अडकतात. एखाद्या माणसाला एक उत्तम सफरचंदाचे झाड आवडते. त्याच झाडाच्या काड्या खुंटांवर (मुळे असलेल्या दुसऱ्या रोपांवर) बांधून तो दहा कलमे तयार करतो. दहाही झाडे जोमाने वाढतात, एकाच आठवड्यात फुलतात, मधमाश्या येतात आणि तरीही फळ जेमतेम धरते. बागेत दहा झाडे दिसतात, पण आनुवंशिक दृष्टीने तेथे एकच झाड आहे, दहा जागी उभे असलेले. सफरचंद, गोड चेरी आणि बदाम यांच्या बहुतेक जाती स्वतःचा पराग ओळखतात आणि नाकारतात. कुक्षीवर रुजलेली परागनलिका कुक्षीवृंतातच (कुक्षीखालच्या दांड्यातच) थांबवली जाते. शेजारच्या कलमाचा पराग त्या फुलाला परका वाटतच नाही.

यावर उपाय म्हणजे त्याच सुमारास फुलणारी, पण वेगळ्या जातीची झाडे मधूनमधून लावणे. जागा नसेल तर त्याच झाडाच्या एका फांदीवर दुसऱ्या जातीची काडी बांधावी. एका फांदीने सगळ्या झाडाचे काम भागू शकते. या हंगामापुरती निकड असेल, तर दुसऱ्या जातीच्या फुललेल्या फांद्या पाण्याच्या बादलीत उभ्या करून झाडाखाली ठेवाव्यात, मधमाश्या पुढचे पाहून घेतात. चाचणी येथेही सोपी आहे: काही कळ्या उमलण्याआधी जाळीदार पिशवीत बांधाव्यात, उमलल्यावर निम्म्यांना त्याच जातीचा आणि निम्म्यांना दुसऱ्या जातीचा पराग बारीक ब्रशने लावावा आणि पिशवी पुन्हा बांधावी.

ज्या वनस्पतींमध्ये नर झाड वेगळे आणि मादी झाड वेगळे असते, तेथे ही अडचण आणखी उघडी पडते. किवीच्या मादी वेलीच्या काड्यांपासून केलेली सगळी रोपे मादीच असणार. त्यांच्या जोडीला नर वेल नसेल तर फुले येऊन झडत राहणार. खजुराच्या बाबतीत माणसाने हे फार प्राचीन काळी ओळखले होते आणि मेसोपोटेमियात नर फुलोरा मादी झाडावर नेऊन बांधण्याची पद्धत होती. पपईचे रोप बीपासून केले तर ते नर निघेल, मादी निघेल की उभयलिंगी, हे फूल येईपर्यंत नुसत्या नजरेने कळत नाही. म्हणून एका खड्ड्यात दोन-तीन रोपे लावून फुले दिसल्यावर विरळणी करावी.

बी पेरले, पण झाड आईवर गेले नाही

येथे खरे तर समस्या नाही. लैंगिक प्रजनन आपले काम करते आहे. परागकण आणि अंडपेशी तयार होताना गुणसूत्रे निम्मी होतात आणि प्रत्येक पेशीच्या वाट्याला वेगळी जुळणी येते. संकरित वाणाच्या फळातले बी राखून पेरले की ही गोष्ट चटकन दिसते. ग्रेगोर मेंडेल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वाटाण्याच्या प्रयोगात गोल आणि सुरकुतलेल्या दाण्यांच्या संकराची पहिली पिढी पूर्ण गोल होती. पण तिच्यापासून मिळालेल्या पुढच्या पिढीत ५,४७४ दाणे गोल आणि १,८५० सुरकुतलेले निघाले. एका गुणाची ही कथा असेल, तर चव, आकार, रोगप्रतिकार आणि फळाचा हंगाम असे अनेक गुण एकत्र विखुरले की आईसारखे झाड मिळण्याची शक्यता किती उरते, हे वेगळे सांगायला नको.

एक गैरसमज मात्र दूर केला पाहिजे. ‘शेजारी दुसरा भोपळा लावला म्हणून या वर्षी माझ्या भोपळ्याची चव बिघडली’ असे म्हणतात, ते बरोबर नाही. भोपळ्याचा गर आईच्या ऊतींचा असतो. परक्या परागाचा परिणाम आतल्या बीमध्ये साठतो आणि तो पुढच्या वर्षी पेरलेल्या वेलीत दिसतो. मक्यात मात्र परिणाम त्याच कणसात दिसतो, कारण दाण्याचा मोठा भाग असलेला भ्रूणपोष हा स्वतःच फलनातून बनतो. म्हणून पिवळ्या मक्याच्या शेजारच्या पांढऱ्या कणसात पिवळे दाणे डोकावतात. राखलेल्या बियांच्या बाबतीत एक सावधगिरी हवी: शोभेच्या किंवा रानटी जातीशी संकर झालेल्या भोपळ्याच्या बियांपासून आलेले फळ कडू लागले, तर ते मुळीच खाऊ नये. तो कडूपणा कुकुरबिटासिन या विषारी द्रव्यांचा असतो आणि शिजवल्याने तो जात नाही.

अपवादही सुंदर आहेत. आंब्याच्या काही जातींत आणि बऱ्याचशा लिंबूवर्गीय झाडांत एका बीमधून दोन-तीन रोपे उगवतात. त्यांतील एक फलनातून आलेले असू शकते. बाकीची आईच्या बीजांडातील ऊतीपासून, फलनाशिवाय बनतात आणि म्हणून आईची प्रत असतात. बी दिसते लैंगिक, आतले रोप मात्र अलैंगिक. अशा बीमधून आलेल्या रोपांपैकी फारच निराळे किंवा खुरटे दिसणारे रोप बाजूला काढले, तर उरलेली बहुधा आईवर जातात.

बी अजिबात उगवलेच नाही, तर आधी ते कोणत्या स्वभावाचे आहे ते पाहावे. आंबा, फणस, कोको यांचे बी वाळवून ठेवले की मरते. ते फळातून काढल्याबरोबर लावावे. कठीण कवचाच्या बियांना कवच घासून पाण्याला वाट करून द्यावी लागते.

काडी फुटते आणि मरते

आता अलैंगिक मार्गाकडे. काडीवर पालवी दिसणे हे यशाचे लक्षण मानले जाते आणि सगळी निराशा तेथूनच सुरू होते. काडीतल्या डोळ्याला फुटण्यासाठी मुळांची गरज नसते. खोडात साठवलेले अन्न आणि पाणी त्याला पुरते. मूळ मात्र नव्याने घडवावे लागते. कापलेल्या टोकाजवळच्या काही पेशींना आपले जुने काम सोडून मुळाच्या पेशी व्हावे लागते, आणि त्यासाठी शेंड्याकडून खाली वाहत येणारे ऑक्झिन तेथे साठावे लागते. स्कूग आणि मिलर या संशोधकांनी १९५७ मध्ये तंबाखूच्या ऊतींवर दाखवले की ऑक्झिन जास्त आणि सायटोकायनिन हे दुसरे संप्रेरक कमी असेल तर मुळे येतात, उलट असेल तर अंकुर येतात. म्हणून पालवीची आणि मुळाची शर्यत चालू आहे, असे समजावे. पालवी पुढे गेली की ती पाने बाष्पोत्सर्जनाने काडीतले उरलेसुरले पाणी उडवतात आणि काडी वाळते.

मेलेली काडी फेकण्याआधी उपटून पाहावी; तिच्या बुडाशी सगळी हकीकत लिहिलेली असते. बूड काळे, मऊ आणि कुबट वासाचे असेल, साल बोटाने सरकत असेल, तर ते कुजले आहे: माती घट्ट होती, पाणी जास्त झाले आणि बुडाला हवा मिळाली नाही, किंवा कापणारी सुरी अस्वच्छ होती. बूड टणक आणि फिकट असून शेंडा वाळलेला असेल, तर हवा कोरडी होती. बुडाशी पांढरट, खडबडीत गाठ आली असेल आणि मूळ नसेल, तर ती किण-ऊती, म्हणजे जखमेवर वाढलेला पेशींचा गोळा, आहे. जखम भरली आहे आणि काडी जिवंत आहे. अशी काडी फेकू नये, बुडाची साल नखाने एका बाजूने किंचित खरवडून पुन्हा लावावी.

उपाय याच वाचनातून निघतात. माध्यम मातीपेक्षा जाड वाळू, परलाइट किंवा कोकोपीटचे हलके मिश्रण असावे. काडी फुलावर आलेली नसावी; खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली घ्यावा, दोन-तीनच पाने ठेवावीत आणि मोठी असतील तर ती अर्धी कापावीत. वरून पारदर्शक पिशवी घालून कुंडी उजेडात पण थेट उन्हापासून दूर ठेवावी, म्हणजे पान वाळणार नाही आणि माती सतत ओली ठेवण्याचा मोह होणार नाही. मुळे फोडणारी पूड, जिच्यात बहुधा इंडोल ब्युटिरिक आम्ल असते, ती बुडाला चिमूटभरच लावावी. जास्त मात्रेने काडी दगावते. काडी उलटी खोचणे ही चूक हास्यास्पद वाटते, पण पानगळीनंतर घेतलेल्या उघड्या काड्यांत ती सहज होते. खोडाला वरची आणि खालची बाजू कायम लक्षात राहते. म्हणून कापतानाच खालचा काप तिरका आणि वरचा सरळ घ्यावा.

ज्या झाडांच्या काड्या कधीच दाद देत नाहीत, त्यांना गुटी कलम करावे. फांदीच्या सालीचे गोल वलय काढले की पानांतून येणारे अन्न आणि ऑक्झिन त्या जागेच्या वर अडते, तर लाकडातून पाणी मात्र वर जात राहते. फांदी न तोडताच तिला मुळे फुटतात. गुटी फसण्याचे नेहमीचे कारण म्हणजे साल काढल्यावर खाली राहिलेला ओलसर, गुळगुळीत थर. तो संवर्धक ऊतीचा थर असतो आणि सुरीने कोरडे लाकूड लागेपर्यंत खरवडला नाही तर तो पुन्हा साल जोडून टाकतो.

गुलाबाच्या बाबतीत आणखी एक तक्रार येते: कलम दोन वर्षे उत्तम फुलले आणि मग त्याला वेगळ्याच, लहान फुलांचे झुबके येऊ लागले. झाड बदललेले नसते. डोळा भरलेल्या (कलम जोडलेल्या) जागेच्या खालून, म्हणजे खुंटातून, फुटवा आलेला असतो आणि तो जोमदार असल्याने वरच्या कलमाला उपाशी मारतो. कात्रीने वरवर कापल्यास तो पुन्हा येतो. माती बाजूला करून तो जेथून निघाला तेथून ओढून काढावा.

प्रत हुबेहूब येते, हा नियमही एका ठिकाणी दगा देतो. पिवळ्या काठाच्या स्नेक प्लांटच्या पानाचे चार तुकडे मी एकदा वाळूत लावले. दोन-तीन महिन्यांनी मातीतून टोकदार कोंब वर आले, पण चारही साधे हिरवे, पिवळ्या काठाचा मागमूस नाही. ते पान म्हणजे दोन प्रकारच्या पेशींची शिवण असते. काठावरच्या पेशी एका वंशाच्या, मधल्या दुसऱ्या. पानाच्या तुकड्यातून नवा कोंब मधल्या पेशींपासून घडतो आणि काठाचा वंश मागे राहतो. पिवळा काठ टिकवायचा असेल तर पान न कापता मूळ झाडाचा गड्डा विभागावा, कारण तेथील कोंबात दोन्ही वंश आधीच सोबत असतात.

सगळीच्या सगळी कलमे एकाच रोगाने जातात, तेव्हा त्याचेही कारण हुबेहूबपणा हेच असते. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्यावर आलेल्या करप्याने हाहाकार केला, कारण कंदांपासून वाढवलेल्या त्या पिकात प्रतिकाराची विविधताच नव्हती. शिवाय विषाणू काडीसोबत फुकट प्रवास करतात. पाने चुरगळलेली, डागाळलेली दिसत असतील, तर त्या झाडाच्या काड्या घेऊच नयेत. वाण दुर्मीळ असेल तर शेंड्याच्या अगदी टोकाच्या ऊतीपासून प्रयोगशाळेत रोप करता येते. मोरेल आणि मार्टिन या संशोधकांनी १९५२ मध्ये याच पद्धतीने विषाणूग्रस्त डेलियापासून निरोगी रोपे मिळवली.

शेवटी नेच्याबद्दल (फर्नबद्दल), कारण त्याची तक्रार कमी वेळा येते, पण जवळजवळ नेहमी चुकीच्या क्षणी प्रयत्न सोडला जातो. पानामागची तपकिरी पूड ओल्या माध्यमावर पसरली, काही आठवडे झाले, आणि नेचा न येता हिरवट थर आला. तो शेवाळ समजून खरवडला जातो. भिंगातून पाहिले तर त्या थरात नखापेक्षाही लहान, हृदयाच्या आकाराच्या पातळ कपच्या दिसतात. ती पूड बीजाणूंची होती, बियांची नव्हे. आणि या कपच्या म्हणजे नेच्याची युग्मके (नर आणि मादी पेशी) घडवणारी स्वतंत्र पिढी. त्यांच्या खालच्या बाजूस नर आणि मादी इंद्रिये असतात आणि नर युग्मकांना पोहत जाण्यासाठी पाण्याचा अखंड पातळ थर लागतो. त्यामुळे झाकण बंद ठेवून, उकळून गार केलेल्या पाण्याचा अगदी बारीक फवारा दर काही दिवसांनी त्यांच्यावर मारावा. पुढच्या आठवड्यांत एखाद्या कपचीच्या खाचेजवळून वळलेल्या टोकाचे पहिले इवलेसे पान वर येते.